जुवावरच्या चार कोंबड्या

सन एकोणीसशे नव्वद सालच्या चैत्र महिन्यात, पारोळ्यापासून चार कोसांवर असलेल्या टोळवे या गावी, एका सकाळी चुडामण नाना आपल्या गोठ्याच्या दाराशी उभे राहिले आणि भुईवर विखुरलेल्या पिसांकडे बराच वेळ पाहत राहिले. पिसे तांबडी होती. हे वर्तमान पत्नीस कोणत्या शब्दांनी सांगावे, याचा विचार करीत ते तेथेच उकिडवे बसले. कारण उभे राहून विचार करण्याइतके त्राण त्यांच्या कमरेत अलीकडे उरत नसे.

परंतु तानुबाई त्यांच्या पाठीमागे येऊन उभ्याच होत्या.

“तांबडी का?” त्यांनी विचारले.

“हाव. तांबडीच शे.”

तानुबाई रडल्या नाहीत. त्यांनी खराटा आणला, पिसे एका जागी लोटली, ती सुपलीत भरून उकिरड्यावर टाकली, आणि परत येऊन खराटा जागेवर ठेवीत त्या म्हणाल्या, “नऊ व्हत्यात. आते चार ऱ्हायन्यात. आखो एकले काही व्हयनं ना, त मी बाकीन्या बठ्ठ्या पारोळाले अक्काकडे धाडी देसू. रोज सकायले उठीसन पिसं झाडानी ताकद मन्हा आंगमा नही.”

अक्का म्हणजे तानुबाईंची थोरली बहीण द्रौपदाबाई. तिच्याकडे पक्के घर होते आणि घराला पक्के दार होते. तानुबाई जे एकदा बोलत, ते दुसऱ्यांदा बोलत नसत व बदलीतही नसत, हे नानांस चाळीस वर्षांच्या संसारातून ठाऊक झालेले होते. ते ‘बरं’ एवढेच म्हणाले.

वास्तविक चार कोंबड्या गेल्याने घरात कोणी उपाशी राहणार नव्हते. तथापि गेल्या पोळ्यानंतर त्या घराची अवस्था निराळी झालेली होती. नानांचा एकुलता एक मुलगा बन्सीलाल सुरतेला साड्यांच्या कारखान्यात कामास होता. तो पोळ्याला आला, बापाची वाकलेली कंबर त्याने पाहिली आणि चार दिवसांत सर्व व्यवस्था लावून गेला. शेत चुलत्यांकडे वाट्याने दिले. बैल कासोद्याच्या एका सज्जन माणसाने नेले. त्या दिवसापासून अंगणात घुंगरू वाजले नाही, की गव्हाणीत कडबा पडला नाही. जे काही जिवंतपणाचे आवाज उरले होते, ते कोंबड्यांचे होते. दुपारच्या वेळी ओसरीवर पडल्या पडल्या नाना ते आवाज ऐकत, आणि त्या चार जिवांचे कुरकुरणे जर थांबले तर या अंगणात आपण दोघे एकमेकांशी काय बोलणार आहोत, या विचाराने ते उठून बसत. म्हणून त्या सकाळी, अंगात उत्साहाचा लवलेश नसतानाही, त्यांनी मनाशी निश्चय केला की आता खुराडे बांधायचे, आणि असे बांधायचे की रानमांजराने त्यासमोर हात टेकावेत.

शत्रू रानमांजरच होते. नदीकाठच्या बाभूळबनातून ते येई. कोंबड्या रात्री गोठ्यात वरती, बैलगाडीचे जुने जू दोन दोरांनी वाशांना टांगलेले होते, त्यावर बसत. गोठ्याची एक बाजू सताड उघडी होती. मांजर गव्हाणीवर चढे, तेथून झेप घेई, आणि सकाळी पिसे राहत.

नाना चौथीपर्यंत शिकलेले होते व त्यांचा हिशेबी नकाशांवर मोठा विश्वास होता. त्यांनी चुलीतला कोळसा घेतला आणि गोठ्याच्या भिंतीवर खुराड्याची आकृती काढावयास आरंभ केला. पूर्वेकडे दार; म्हणजे सकाळचे कोवळे ऊन आत जाईल. पश्चिमेकडे अखंड भिंत; म्हणजे वैशाखातील झळा आत शिरणार नाहीत. रुंदी आतून अडीच हात, खोली दोन हात, उंची छातीइतकी. भिंती एक वीत जाडीच्या.

तेवढ्यात शेजारचे देवचंद आबा तंबाखूची चंची घेऊन आले. आबा नानांपेक्षा सात-आठ वर्षांनी वडील होते आणि दिवसातून एकदा तरी नानांच्या अंगणात आल्यावाचून त्यांस करमत नसे.

“कोना वाडा बांधस रे भो?” त्यांनी भिंतीकडे पाहून विचारले.

“खुराडं शे, आबा.”

“मंग दोन मजला काढ. वरे तुम्ही दोन्ही, खाले कोंबड्या. घर आंडोरले मोकळं व्हई जाई.”

“आंडोरनं घर सुरतले शे, आबा.”

आबांनी तंबाखूत चुना मळला व चिमूट दाढेत ठेवली. मग ते गंभीर होऊन म्हणाले, “पत्रा टाकू नको वर. आखाजीना ऊनमा भाजी निंघतीन त्या.”

“पत्रा नही. धाबं करसू. आपला घरनं शे तसंच.”

धाब्याचा विचार नानांचा स्वतःचा होता व त्यात तथ्य होते. खानदेशातील उन्हात पत्र्याखाली मनुष्य होरपळतो, मग पाखरांची काय कथा. त्यांनी ठरविले की वर काटक्या अंथराव्या, काटक्यांवर कडुनिंबाचा पाला दाट पसरावा म्हणजे वाळवी लागत नाही, त्यावर चिखलाचा थर द्यावा आणि सर्वांत वर पांढरी खारी माती थापावी, जिच्यातून पाणी उतरत नाही. पायाविषयीही त्यांनी पुष्कळ विचार केला. मांजर वरून शिरले नाही तर मुंगूस खालून उकरील. सबब भिंतीच्या बाहेरच्या अंगाला हातभर रुंद असे चपटे दगड जमिनीत पुरावयाचे ठरले. दाराला जाळी लावावयाची, परंतु एकेरी जाळीतून मांजराचा पंजा आत जातो आणि झोपलेल्या कोंबडीचा पाय ओढला जातो, असे तानुबाईंनी माहेरी पाहिलेले होते. म्हणून जाळी दुहेरी, एकीची भोके दुसरीच्या तारांनी झाकली जातील अशी.

“दगड नदीवरथीन काबरं आनस?” आबा दुसऱ्या दिवशी म्हणाले, कारण नाना डोक्यावर दगड घेऊन चढण चढत होते व प्रत्येक दहा पावलांवर थांबत होते. “तुनी गव्हाण रिकामी पडेल शे. चांगला घडेल दगड शेतस. ते काढ.”

“गव्हाण ऱ्हाऊ द्या,” नाना म्हणाले.

“कसाले?”

“ऱ्हाऊ द्या ना, आबा.”

काम नऊ दिवस चालले. एखाद्या तरुण गवंड्याने ते दोन दिवसांत उरकले असते. नाना सकाळी एक थर चढवीत, ऊन तापले की आडवे होत, आणि उतरत्या उन्हात पुन्हा उठत. तानुबाई पाणी आणीत, चिखल तुडवीत. दोघांमध्ये बोलणे थोडे होई, आणि जे होई ते दगडाविषयी अथवा मातीविषयी होई. सातव्या दिवशी भिंती पूर्ण झाल्या, तेव्हा तानुबाईंनी आत डोके घालून पाहिले.

“यामा त्या बठतीन कोठे?” त्यांनी विचारले.

“इतली जागा शे. जठे वाटी तठे बठतीन.” नानांच्या बोटांना भेगा पडलेल्या होत्या आणि त्यांत चिखलातील खार झोंबत होता. प्रश्नाचा अर्थ काय, हे त्यांनी थांबून विचारले नाही. त्यांच्या मनात ते खुराडे धान्याच्या कणगीप्रमाणे झालेले होते. जे आत ठेवायचे ते आत ठेवावे, दार लावावे, म्हणजे ते सुरक्षित राहिले.

नवव्या दिवशी धाब्यावर खारी माती थापून झाली. तानुबाईंनी शेणाने सारवले, दारापुढे दोन बोटांची रांगोळीची रेघ ओढली. आबा येऊन भोवताली फिरून गेले, त्यांनी भिंतीवर थाप मारून पाहिली आणि दोष काही सापडेना म्हणून ते थोडे उदास झाले.

दिवस मावळावयास आला. कोंबड्या अंगणातून परतल्या. त्या नव्या खुराड्यासमोरून गेल्या, एकीने मान वाकडी करून दाराकडे पाहिले, आणि चौघीही सरळ गोठ्यात जाऊन गव्हाणीवर चढल्या व तेथून जुवावर जाऊन बसल्या.

“नवं शे,” नाना म्हणाले. “सवय नही त्यास्ले.”

त्यांनी व तानुबाईंनी एकेक कोंबडी उतरवून, काखेत धरून, खुराड्यात नेली. आत त्या दाराशीच एकमेकींवर रेलून गोळा झाल्या. सारी रात्र जाळीवर चोची आपटल्याचा आवाज येत राहिला, आणि सकाळी दार उघडताच त्या अशा बाहेर पडल्या की जणू तुरुंगातून सुटल्या. दुसऱ्या संध्याकाळी तोच प्रकार. तिसऱ्या संध्याकाळी नानांची कंबर धरली. तीन कोंबड्या त्यांनी तानुबाईंबरोबर कशाबशा आत घातल्या. चौथी, चितरी, जुवावरून वर वाशावर गेली व त्याच्या टोकापर्यंत सरकली, आणि तेथपर्यंत हात उंचावण्याची ताकद त्यांच्यात राहिली नाही. तानुबाईंचा हात तेथवर पोहोचत नव्हता. ‘उतरी ती आपोआप,’ असे म्हणून नाना खाटेवर जाऊन पडले. आपण हे खोटे बोललो, हे त्यांना पडल्या पडल्या समजत होते. परंतु पुन्हा उठणे झाले नाही.

सकाळी चितरी खुराड्याच्या धाब्यावर सापडली. ती जिवंत होती. तिच्या शेपटाच्या जागी मात्र एकही पीस उरलेले नव्हते, आणि मागच्या अंगाला रक्त सुकून काळे झालेले होते. तानुबाईंनी हळद लावली. मग त्यांनी माळ्यावरून वेताचे मोठे डालगे काढले, ज्यात घालून कोंबड्या नेतात, ते धुऊन उन्हात वाळविले आणि उंबऱ्यापाशी ठेवले. पारोळ्यास दुधाच्या गाडीवर जाणाऱ्या माणसाकडे त्यांनी निरोपही दिला, तो अक्काच्या मुलास पोहोचला. अक्काचा मुलगा पंडित परवाच्या दिवशी सायकल घेऊन येणार असे ठरले.

“मरनी नही ती,” नाना म्हणाले.

“मराले कितलं ऱ्हायनं व्हतं?” तानुबाई म्हणाल्या.

नानांचा काल रात्रीचा आळस दोघांनाही दिसत होता आणि तानुबाईंनी तो शब्दाने उच्चारला नाही, हेच त्यांस अधिक जड गेले.

त्या संध्याकाळी नाना गोठ्यात गव्हाणीच्या कोपऱ्याशी पोते अंथरून बसले. त्यांस काही करावयाचे नव्हते. केवळ पाहावयाचे होते. ऊन गोठ्याच्या दारातून निघून गेले तशा कोंबड्या आत आल्या. त्यांनी वर पाहिले. प्रथम एका डोळ्याने, मग मान फिरवून दुसऱ्या डोळ्याने. काळी आधी चढली व डावीकडे अगदी टोकाला बसली. भुरी तिला चिकटून. मग बोडकी, जिच्या मानेवर जन्मापासून पिसे नव्हती. चितरीची जागा उजवीकडे होती. दुखऱ्या अंगाने तिने दोनदा झेप चुकविली व तिसऱ्यांदा वर पोहोचली. प्रत्येकीने पायांची बोटे लाकडाभोवती मिटली. लाकूड तेथे गुळगुळीत झालेले होते, बैलांच्या मानांनी तीस वर्षे घासून. बोटे मिटताच चौघींच्या माना आखडून पंखांत गेल्या.

नाना पाहत राहिले. तानुबाईंनी सातव्या दिवशी काय विचारले होते, ते आता त्यांस कळले. कोंबडी भुईवर झोपत नाही; ती काहीतरी पकडून झोपते. त्यांनी दार, जाळी, पाया, धाबे, सर्वांचा विचार केला होता आणि बसण्याचा दांडा तेवढा ते विसरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आले, तेव्हा नाना खुराड्यात बांबू बसवून पाहत होते.

“बांबूवर बठतीन, पन आजना आज नही,” आबा म्हणाले. “पंधरा दिन कोंडी ठेव, मंग समजतीन.”

“पंडित सकाय येस.”

आबांनी उंबऱ्याजवळच्या डालग्याकडे पाहिले व त्यांस परिस्थिती कळली. “मंग ज्यावर बठतस तेच मझार टाक. जू टाक.”

नानांनी दोर सोडून जू खाली उतरविले. हाताने मोजले. जू चार हात भरले. खुराडे आतून अडीच हात. मग आबा म्हणाले, “दोन्ही टोकं कापी टाक. मधला तुकडा बराबर बठी,” आणि स्वतःच घरी जाऊन करवत घेऊन आले.

ते जू नानांच्या वडिलांनी बांधावरची बाभूळ तोडून घडविलेले होते. दरसाल पोळ्याला नाना ते धूत, तुपाचे बोट लावीत, कुंकू लावीत. गेल्या पोळ्यालाही लावले होते. त्या कुंकवाचा डाग शिवळीच्या, म्हणजे बैलाच्या मानेशी खोचावयाच्या खुंटीच्या, भोकाजवळ अद्याप होता. नानांनी करवत ठेवली आणि एकदा ओढली. लाकडावर पांढरी रेघ उमटली. त्यांनी करवत उचलली नाही, पुढेही नेली नाही.

तानुबाई ओसरीवरून पाहत होत्या. त्या उठून जवळ आल्या.

“कापा ना,” त्या म्हणाल्या. “बैल त ग्यात. जू कोनासाठे राखतस?”

“बन्सी कदी काळे…”

“बन्सी येवाव नही.”

सात-आठ महिने त्या घरात हे वाक्य कोणी उच्चारले नव्हते. ते तानुबाईंनी हळू आवाजात, धान्यातला खडा काढून बाजूला ठेवावा तसे ठेवले. त्यात राग नव्हता. आबा तंबाखूची चंची उघडून तिच्यात पाहू लागले.

“माले माहीत शे,” नाना म्हणाले.

“मंग?”

“माहीत शे. पन कापत नही.” त्यांनी करवत आबांच्या हाती दिली आणि भिंतीला टेकवून ठेवलेली पहार उचलली. “भीत फोडस.”

“नऊ दिनमा बांधेल भीत?” आबा म्हणाले. “बाईल बरं सांगस, त आयक.”

“आबा, तुम्ही ऊनमा उभा राहू नका. घर जा.”

आबा घरी गेले नाहीत. ते सावलीत बसून राहिले. नानांनी उत्तरेच्या भिंतीत, कमरेच्या उंचीवर, पहारीचे पहिले टोक मारले. ओल्या-सुक्या मातीचा ढेकूळ निघून त्यांच्याच पायावर पडला. दहा घाव घालावे, पहारीवर टेकून श्वास घ्यावा, पुन्हा दहा घालावे. एका भिंतीस दुपार लागली. दुसऱ्या भिंतीस दिवस कलला. मध्यंतरी तानुबाईंनी भाकर आणून दिली, ती त्यांनी उभ्याउभ्याच खाल्ली; बसलो तर उठणे होणार नाही, अशी त्यांस भीती वाटत होती. तानुबाई घागर घेऊन गेल्या आणि पुन्हा चिखल तुडवावयास लागल्या.

मग तिघांनी मिळून जू उचलले. आबांनी एक टोक धरले. एका भोकातून ते आत सरकले, अंधारातून गेले आणि दुसऱ्या भोकातून बाहेर आले. दोन्ही बाजूंस सहा-सहा बोटे टोक बाहेर राहिले, शिवळीच्या भोकांसह. तानुबाईंनी जुवाभोवतीच्या फटी चिखलाने आणि चपट्या खड्यांनी अशा भरल्या की मुंगीस मार्ग राहू नये. आता ते जू काढावयाचे झाले तर खुराडे पाडावे लागले असते.

आबा दोन पावले मागे सरले आणि त्यांनी दोन्ही टोकांकडे पाहिले.

“खुराडं जुपं तू,” ते म्हणाले. “आते हाक मार, देखूत चालस का.”

नाना हसले. हसताना कमरेत कळ आली म्हणून ते खाली बसले, आणि बसूनही थोडे हसत राहिले.

संध्याकाळ झाली. तिघेही ओसरीवर बसले होते. कोणी कोंबड्यांना हाकलले नाही, बोलावलेही नाही. त्या गोठ्यात गेल्या. गोठ्यात नुसते दोन दोर लोंबत होते. त्यांनी एका डोळ्याने पाहिले, दुसऱ्या डोळ्याने पाहिले, आणि अंगणात परत येऊन त्या घोटाळत उभ्या राहिल्या. बराच वेळ गेला. तानुबाईंचा हात पदराच्या टोकाशी चाळा करीत होता. मग काळी खुराड्याच्या दाराशी गेली. तिने मान आत घातली. ती आत गेली, आणि पंखांचा फडफडाट होऊन थांबला. भुरी गेली. बोडकी गेली. चितरी दाराशी उभी राहून कुरकुरत होती; आतून काळीने उत्तर दिले असावे, कारण तीही गेली.

नानांनी उठून जाळीतून पाहिले. काळी डावीकडे टोकाला होती. चितरी उजवीकडे होती. त्यांनी दार लावले, कडी घातली, कडीत खिळा अडकविला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडले तेव्हा चारही कोंबड्या एकीमागून एक खाली उतरल्या. जाळीजवळच्या सारवणावर मांजराच्या पंजांचे ठसे होते व एका ठिकाणी दगडाशी थोडे उकरलेले होते. तानुबाईंनी ते पाहिले, आणि शेणाचा हात फिरवून ठसे पुसले.

पंडित उन्हे चढल्यावर सायकलवरून आला. घामाने तो भिजलेला होता. त्याने चहा घेतला, डालग्याकडे पाहिले आणि विचारले, “मावशी, कोंबड्या धरू का?”

“नको रे भाऊ,” तानुबाई म्हणाल्या. “हाई डालगं घी जा. तुन्ही मायनंच शे, मांगे मी आनेल व्हतं. तिले सांग, कोंबड्या बठी ग्यात.”

“एवढ्यासाठे मी इतलं लांब वनू?”

“अंडं खाई जा,” नाना खाटेवरून म्हणाले. त्यांस उठवत नव्हते.

रिकामे डालगे सायकलच्या मागे बांधावयास पंडितास काही मिळेना. तेव्हा तानुबाई गोठ्यात गेल्या, वाशांना लोंबत असलेले दोन्ही दोर त्यांनी काठीने सोडविले आणि ते आणून त्याच्या हाती दिले. नानांनी खाटेवरून ते पाहिले. त्यांनी डोळे मिटले, आणि अंगणात चितरी कुरकुरत माती उकरीत होती, ते ऐकत ते पडून राहिले.